तीन शून्यं

१
रिसेप्शनच्या ताईंचा निरोप: "फोन चालून नाही राहिला, भाऊ."
निरोप शिपायानं आणला. फोनवरून कळवायची सोय नव्हती.

२
नवा आयपी फोन वायरीला लावला की गप्प बसल्यासारखा दिसतो. आत विचारपूस चाललेली असते. आधी स्विचकडून वीज घेतो. मग स्विचलाच विचारतो, आवाजाची गल्ली कोणती. त्या गल्लीत पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून स्वतःचा पत्ता घेतो. पत्त्याच्या चिठ्ठीवरच, ऑप्शन १५० या खान्यात, फायली कुठे मिळतील ते लिहिलेलं असतं. तिथं जाऊन स्वतःच्या नावाची फाइल मागतो. ती वाचल्यावर त्याला कळतं की आपण अकाउंट्समधले २१४.
सरकारी खात्यात नवा माणूस रुजू होतो तेव्हा टेबलं साधारण इतकीच लागतात. वेळ जास्त लागतो.

३
आमच्या सिस्कोच्या फोनांची नावं ‘एसईपी’पासून सुरू होतात, पुढे त्या फोनचा बारा अक्षरी मॅक पत्ता. एसईपी म्हणजे सेल्सियस इथरनेट फोन. सेल्सियस ही डॅलसची लहानशी कंपनी, १९९८ साली सिस्कोनं विकत घेतली. घर विकून पाव शतक झालं. दारावर पाटी जुन्या मालकाचीच.

४
एसटीडीचे कोड: मुंबई ०२२. पुणे ०२०. नाशिक ०२५३. कोल्हापूर ०२३१.
नागपूर ०७१२. अमरावती ०७२१. इंदूर ०७३१. भोपाळ ०७५५. रायपूर ०७७१.
नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं ते १९५६पर्यंत. देशातली पहिली एसटीडी लाइन, लखनौ ते कानपूर, सुरू झाली १९६० साली.

५
विदर्भात वीज गेली की ‘लाइन गेली’ म्हणतात. फोन बंद पडला तरी ‘लाइन गेली’च. पूर्वी यातून घोळ व्हायचा नाही. टेलिफोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, ४८ व्होल्ट, तिथल्या बॅटऱ्यांवरची. घरात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन.
आता फोनची वीज स्विचकडून, स्विचची यूपीएसकडून, यूपीएसची महावितरणकडून.
एक लाइन गेली की दोन्ही गेल्या.

६
ग्रॅहम बेलनं १० मार्च १८७६ रोजी तारेवरून पहिलं वाक्य बोललं ते शेजारच्या खोलीतल्या मदतनिसाला बोलवायला. म्हणजे जगातला पहिला फोन इंटरकॉमच होता.
आमच्याकडे शेजारच्या खोलीतल्या माणसाला अजून हाक मारतात.

७
आमच्या हाफिसात फोन करायचा नियम: एक शून्य लावलं की गेटबाहेरची लाइन. मोबाइल लावायचा तर त्यापुढे आणखी एक शून्य, कारण १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं. त्यापुढे अजून एक पडलं की आयएसडी.
एक शून्य गेटपर्यंत, दोन मोबाइलपर्यंत, तीन शून्यं सातासमुद्रापार.
घाईत कोणाचं बोट किती वेळा पडतं, ते महिनाअखेरच्या बिलात कळतं.

८
नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाशी चार घोडे आहेत. हा देशाचा मध्य, असं म्हणतात. रिक्षावाल्याला ‘झिरो माइल’ सांगितलं की तो विचारतो, "तिथून पुढं कुठं?"

९
ओळखीच्या एका हाफिसातली गोष्ट. एक जण नोकरी सोडून गेला. टेबल गेलं, खुर्ची गेली, लॉगिन गेलं. एक्स्टेन्शन राहिलं. व्हॉइसमेलचा पिन एक्स्टेन्शनचाच नंबर. शुक्रवारी रात्री बाहेरून कोणीतरी आत शिरलं आणि त्या एक्स्टेन्शनवर येणारे सगळे फोन दूरच्या एका बेटावर वळवले. शनिवार-रविवार हाफिस बंद होतं, फोन बोलत होता. अशा नंबरवर मिनिटाला चढा दर पडतो आणि त्यातला वाटा नंबर घेणाऱ्याला मिळतो. बोलायला पलीकडे माणूस असावा लागत नाही.
सोमवारी सकाळी सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं? टेलिफोन कंपनीच्या. त्यांनी कळवायला फोन केला. तो एंगेज लागला.

१०
पिन बदला, अशी मेल सगळ्यांना पाठवली. उत्तरात तीन प्रश्न आले. तिघांनाही पिन म्हणजे काय ते हवं होतं.
चौथ्यानं बदलला. दुपारी विसरला.

११
अॅलमन स्ट्राउजर हा कॅन्सस सिटीतला अंत्यविधीचा धंदा करणारा. गोष्ट सांगतात ती अशी: प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजवर ऑपरेटर होती, मयताचे फोन ती नवऱ्याकडे जोडायची. स्ट्राउजरनं माणसाशिवाय चालणारं एक्स्चेंज काढलं. १० मार्च १८९१ला पेटंट मिळालं.
टेलिफोनच्या सुरक्षेचा त्याचा प्रश्न मध्ये बसलेल्या माणसाचा होता. तारेवर त्याचा संशय नव्हता.

१२
लॉबीतल्या फोनच्या पाठीला एक लहानसं दार असतं, लॅपटॉप जोडायला. टेबलावर ते सोयीचं. लॉबीत पाहुणे बसतात. म्हणून बंद करायचं.
फोनच्या आत एक वेबपान असतं, फोनचा पत्ता आणि सर्व्हरचा पत्ता दाखवणारं. बंद.
सेटिंगचं बटण लॉबीत कोणालाही दाबता येतं. बंद.
लॅपटॉपला आवाजाच्या गल्लीत डोकावता येतं. बंद.
न विचारता कोणी ‘गेटवे मीच’ असं ओरडलं तरी फोन त्याचं ऐकतो. तेही बंद.
एवढं करून वर बघितलं. लॉबीच्या भिंतीवर सगळ्या अधिकाऱ्यांची नावं, खाती आणि एक्स्टेन्शन, मोठ्या अक्षरांत, फ्रेम करून.

१३
‘न विचारता’वाल्या प्रकाराचं खरं नाव ग्रॅच्युइटस एआरपी. आमच्या चाळीत याला वेगळं नाव नव्हतं. तिथे सगळेच तसे बोलायचे.

१४
पोह्याच्या गाडीवर, तर्री वाढता वाढता, शेजारच्या दोन पोरांचं बोलणं:
"काल फ्रॉडवाल्याचा फोन आल्ता."
"मंग?"
"मंग काय बे, मी म्हटलं मीच पोलीस हावो."

१५
सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. मे महिना. आम्ही वर यायच्या आत हाउसकीपिंगवाल्यांनी डेझर्ट कूलर आणून रॅकसमोर उभा केला होता. ताट्या नव्या, वाळ्याच्या. पाणी भरलेलं. हवेत गारवा आणि बाष्प दोन्ही.
मोठ्या कष्टानं त्यांना समजावलं. ते नाराज झाले. "माणसाला चालते, मशीनले काहून नाही?"
त्या दुपारी कॉल मॅनेजरला, म्हणजे सगळे फोन चालवणाऱ्या सर्व्हरला, वाळ्याचा वास येत होता.

१६
मे २०२४च्या अखेरीस नागपुरात ५६ अंश तापमान नोंदलं गेलं. बातमी देशभर. मग हवामान खात्यानं सांगितलं, सेन्सर बिघडला होता.
मधल्या वेळात लोकांना ५६ अंशांचं ऊन लागलं होतं.

१७
प्रत्येक फोनच्या पोटात एक यादी असते: कोणावर विश्वास ठेवायचा. पहिल्यांदा लावला तेव्हा ज्यानं दिली त्याच्याकडून ती घेतलेली. त्या क्षणी खरंखोटं करायला फोनकडे काहीच नसतं. पुढे मात्र यादीबाहेरच्या कोणाचंही ऐकत नाही.

१८
सर्व्हरच्या ओळखपत्राची मुदत पाच वर्षं. दोन ओळखपत्रं महत्त्वाची: एक कॉल मॅनेजरचं, दुसरं अनोळखी कागद खरे की खोटे ते फोनला सांगणाऱ्या सेवेचं. आधी एक बदलायचं, फोनांना ते ओळखू द्यायचं, मग दुसरं. सोयरिकीत मध्ये ओळखीचा माणूस लागतो, तसं.
आमच्याकडे दोन्ही एकाच रात्री बदलली. सकाळी फोन वाजत होते, पण नवीन काही सांगितलेलं ऐकत नव्हते. सगळं हाफिस पालथं घातलं. प्रत्येक टेबलापाशी जायचं, सेटिंग, सिक्युरिटी, स्टार स्टार हॅश, यादी पुसा. एकशेचाळीस फोन. दीड दिवस.
माणसं उठून जागा करून देत होती. एका बाईंनी विचारलं, "काय पुसून राहिले, सर?"
म्हटलं, विश्वास.
"बरं," म्हणाल्या, "माझे नंबर नका पुसू."

१९
डॉ. रघुवीर यांची संस्था लाहोरहून नागपूरला आली. या शहरात बसून त्यांनी प्रशासनासाठी, शास्त्रांसाठी हजारो पारिभाषिक शब्द घडवले, संस्कृत धातू आणि उपसर्ग जोडून.
आमच्या खोलीतले शब्द: रॅक. पॅच कॉर्ड. क्रिम्पिंग. पोर्ट मेला. स्विच लटकला. फोन ‘रजिस्टरिंग’वर अडकला.

२०
आवाजाचा हिशोब. सेकंदाला पन्नास पाकिटं. प्रत्येकात वीस मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे १६० बाइट. साध्या रीतीनं पाठवलं तर पाकिटं उघडीच जातात, पोस्टकार्डासारखी.
एक दिवस स्वतःच्याच दोन फोनांमधलं बोलणं लॅपटॉपवर पकडून अकाउंट्सला ऐकवलं. मुद्दाम स्वतःचंच घेतलं. प्ले दाबलं, माझा आवाज आला: "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?"
सगळे गंभीर झाले. मग एक जण म्हणाला, "तुमचा आवाज फोनवर बरा येतो, सर."

२१
कुलूप. फोनच्या पडद्यावर छोटं कुलूप दिसलं की बोलणं बंद पाकिटात चाललंय. दोन्ही टोकं तशी असतील तरच. समोरचं टोक जुनं असेल तर कुलूप उमटत नाही, बोलणं मात्र होतं. फोन तक्रार करत नाही.
कुलूप बघून बोलणारा माणूस अजून भेटला नाही.

२२
पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. काचेची केबिन, दार नीट न लागणारं, वर छोटा पंखा. आत माणूस ओरडतोय, "पैसे मिळाले का? पैसे!" बाहेर बाकावर पाच जण, सगळ्यांची नजर लाल आकड्यांकडे. रात्री अकरानंतर पाव दर असायचा, म्हणून रांग तेव्हाच.
गल्लीतल्या प्रत्येकाच्या जावयाचं काय चाललंय, बूथवाल्याला ठाऊक. त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. सांगायला कोणी उरलंच नव्हतं.

२३
डिसेंबर २०१२. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या आंग कुई या संशोधकानं दाखवून दिलं की सिस्कोच्या काही आयपी फोनांत शिरून रिसीव्हर जागेवर असतानाही माइक चालू ठेवता येतो. कंपनीनं दुरुस्ती काढली.
ही बातमी साहेबांना सांगायची चूक मी केली. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो तर फोनवर टॉवेल. खुर्चीवर एक होताच.
तेव्हा साहेब बदल्यांची यादी वाचून दाखवत होते. मोबाइलवर, स्पीकर लावून. दार उघडं.

२४
नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम. बापूंच्या दफ्तरात जुना टेलिफोन ठेवलाय. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारनं बसवलेला. ज्याच्याशी भांडण, त्याच्याच अंगणापर्यंत तार.
तिथेच साप पकडायचा लाकडी चिमटाही आहे आणि सापासाठी पिंजरा. पकडून लांब नेऊन सोडत.
शाळेची सहल आली होती. मुलं सापाच्या पिंजऱ्याभोवती जमली. एका मुलीनं फोनकडे बोट करून विचारलं, "याला बटणं कुठायत?"

२५
तारेवरचं बोलणं सरकारला ऐकता येण्याची तरतूद १८८५च्या टेलिग्राफ कायद्यात होती, कलम ५(२). १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तिला अटी घातल्या: आदेश गृहसचिवांचा, मुदत दोन महिने, वाढवत नेली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे नाही. २०२३मध्ये नवा दूरसंचार कायदा आला.
आमच्या हाफिसात कोणाचे कॉल रेकॉर्ड होतात याचा आदेश एका चिठ्ठीवर होता. चिठ्ठी सापडत नाही. रेकॉर्डिंग चालू आहे.

२६
कॉल मॅनेजरच्या मेनूत एक पान आहे: लॉजिकल पार्टिशनिंग. शहराच्या टेलिफोन लाइनवरून आलेला कॉल आणि आयपीवरून दुसऱ्या शहरातून आलेला कॉल एकमेकांत मिसळू नये म्हणून मधली भिंत. मिसळले तर ट्रंक कॉलचे पैसे बुडतात, म्हणून भारतातल्या नियमांत ती बंदी होती. अमेरिकन यंत्रात ही भिंत बांधली गेली ती आपल्यासारख्या देशांच्या नियमांसाठी.
टाळेबंदीच्या वर्षी, नोव्हेंबर २०२०मध्ये, कॉल सेंटरसारख्या कंपन्यांवरची बरीच बंधनं उठली. जून २०२१मध्ये आणखी सैल झाली. लोक तोवर घरून कॉल घेऊ लागले होते, मागे कुकरच्या शिट्ट्या.
मेनूतलं पान जागेवरच आहे.

२७
एक्स्टेन्शन मोबिलिटी: कुठल्याही फोनवर जाऊन लॉग इन केलं की तो फोन तुमचा. तुमचा नंबर, तुमची बटणं, तुमचे अधिकार. लॉग आउट केलं की फोन पुन्हा कोणाचाच नाही.
डिसेंबर. नागपूरच्या विधानभवनाच्या रस्त्यावर बांबू लागले. मुंबईहून अधिवेशन आलं.

२८
दोघं बोलत असताना मध्ये शांतता पडली की, तशी सोय चालू असेल तर, फोन ती पाठवत नाही. शांततेची पाकिटं कशाला? पण मग ऐकणाऱ्याला वाटतं लाइन तुटली, आणि तो "हॅलो? हॅलो?" करू लागतो. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच हलकी खरखर वाजवतो. तिला कम्फर्ट नॉइज म्हणतात.
माझी आजी फोनवर कोणी बोलत असताना मध्येमध्ये "हं… हं…" करायची. तोच उपाय.

२९
रॅकच्या दारावर आतून चिकटवलेला कागद. त्यावर पासवर्ड. खाली लाल पेनानं: ‘गुप्त’.

३०
टेक्ससमधल्या मार्शल गावातलं मोटेल, डिसेंबर २०१३. कॅरी हंट यांच्यावर नवऱ्यानं खोलीतच हल्ला केला. नऊ वर्षांच्या मुलीनं शिकवल्याप्रमाणे ९११ लावलं. चार वेळा लावलं. मोटेलच्या फोनवर बाहेरच्या लाइनसाठी आधी आणखी एक ९ लावावा लागत होता. ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. आई वाचली नाही. २०१८ साली अमेरिकेत कायदा झाला: आणीबाणीच्या नंबराआधी काहीही लावायला लागता कामा नये. कायद्याला नाव कॅरीचं.

३१
गेटवरच्या काकांना सगळी एक्स्टेन्शन पाठ आहेत. डिरेक्टरी जुनी झाली, माणसं बदलली, काका बरोबर सांगतात. त्यांचा फोन साधा, पडदा फुटका, एक बटण बसलेलं.
त्यांनी विचारलं, "आग लागली त शून्य लावाचं का नाही?"
वर आलो आणि बघितलं. ११२ सरळ लावलं तर कॉल जात नव्हता. शून्य लावून ११२ लावलं तर जात होता.
सिस्टिम सात वर्षांपासून चालू आहे. तिला कुलपं लावण्यात माझे सहा महिने गेले. या दाराला कडी मी लावली नव्हती. काढायचं मात्र मला सुचलं नव्हतं.

३२
आता ११२ही जातं आणि शून्य ११२ही. चाचणी म्हणून एकदा लावलं. पलीकडून बाईंनी शांतपणे विचारलं, कुठून बोलता, काय झालंय. म्हटलं काही नाही, तपासून बघतोय, माफ करा. त्यांनी पत्ता विचारला. तेव्हा लक्षात आलं, पाचही मजल्यांवरचा कुठलाही फोन बाहेर एकच नंबर दाखवतो. मजला कोणता, ते बोलणाऱ्यालाच सांगावं लागणार.
प्रत्येक फोनवर चिकटवायला पट्ट्या छापायला टाकल्या: ‘आपण तिसऱ्या मजल्यावर आहात.’ एक जण हसला. "हे आम्हाला माहीत आहे, सर."

३३
टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक लाइनमनकाका मुलाला भेटायला हाफिसात आले. वाट बघत बसले होते. हात रिकामा बसेना. टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला, डोळे मिटले. जुनी सवय, आधी टोन ऐकायचा. टोन चांगला असला की अर्धी लाइन तपासून होते.
"टोन साफ आहे," म्हणाले. "एक्स्चेंज कुठं आहे तुमचं?"
सांगितलं, हा टोन एक्स्चेंजमधून येत नाही. सर्व्हर फक्त सांगतो, वाजव. फोन आपल्याच पोटातून वाजवतो. लोकांना सवय आहे म्हणून.
काकांनी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं.
"म्हणजे तिकडं कोणी बसलंय म्हणून हा वाजून नाही राहिला?"
नाही.
त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. मग पुन्हा उचलला आणि ऐकत बसले.